सिग्नलवरून सुटताना

एका शनिवारी संध्याकाळी ब्रेकची रबरं घ्यायला ठाण्याच्या नौपाड्यातल्या सायकलच्या दुकानात गेले होते. माझ्याआधी तिथे एक बाप-लेक उभे होते. मुलगी अकरावी-बारावीतली असावी. खांद्याला क्लासची सॅक, केस घामाने कपाळाला चिकटलेले. घरून क्लासला आणि क्लासवरून कॉलेजला जायला तिला सायकल हवी होती. दुकानातल्या पोराने चार-पाच सायकली फुटपाथवर काढून ठेवल्या होत्या आणि वडिलांना त्यातली एक मनापासून आवडली होती. चार इंची जाडजूड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, नळीवर भडक अक्षरं. मुलीने काही न बोलता एक हात सीटखाली घातला, दुसऱ्याने हँडल धरलं आणि सायकल उचलून बघितली. वीतभर वर आली, लगेच खाली टेकली. "पप्पा, ही खूप जड आहे," ती म्हणाली. वडील हसले. "जड म्हणजे मजबूत, बाळा. हलकी घेतलीस तर वर्षभरात खिळखिळी होईल." पोराने मान डोलावली. मुलगी पुढे काही बोलली नाही, पण तिची नजर शेजारच्या बारीक टायरच्या सायकलीवरून हलत नव्हती.

मी रबरं घेऊन घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना, मधूनच ते आठवायचं. त्या गृहस्थांचा राग आला होता असं नाही. लेकीच्या काळजीनेच ते बोलत होते. आणि आमच्या घरात, माझ्या लहानपणी, ते वाक्य शंभर टक्के खरं होतं.

आम्ही तेव्हा कळव्याला राहायचो. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि त्यांची काळी अ‍ॅटलास होती. पहिली पाळी असली की अंधारातच निघायचे. खाडीवरचा पूल, कोर्ट नाका, मग खोपटवरून नितीन कंपनीचा नाका आणि तिथून आत. एमआयडीसीची सगळ्यात पहिली वसाहत ती. त्या काळी भोंगा व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात तिथल्या रस्त्यांवर सायकलीच सायकली असायच्या, हँडलला डबे लटकवलेल्या. बाबांच्या सायकलीला तारेचे नव्हे, सळ्यांचे ब्रेक होते. चेनवर पत्र्याचं पूर्ण झाकण, पत्र्याचेच मडगार्ड, मागे दोन पायांचा स्टँड आणि स्प्रिंगच्या चिमट्याचं दणकट कॅरिअर. सगळं मिळून वीस किलोंच्या वर वजन सहज भरत असेल. रात्री डायनॅमो टायरला टेकवला की घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा आणि सायकल ओढ खायला लागायची. दांड्यावरच्या माझ्या छोट्या सीटवर बसल्याबसल्या मला बाबांचा श्वास जड झालेला ऐकू यायचा.

पण त्या सायकलीचा प्रत्येक किलो कामाचा होता. कॅरिअरवर दळणाचा डबा असायचा, रेशनचं रॉकेल असायचं, कधी जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेला गॅसचा सिलिंडर असायचा. पुढे दांड्यावर मी, मागे कॅरिअरवर दादा. रस्ते खडीचे, पावसाळ्यात तर नुसता चिखल. एवढं ओझं घेऊन त्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षं चालायचं, तर जाड पोलादी नळ्या, मोठी 28 इंची चाकं आणि स्प्रिंगची रुंद सीट लागणारच. पुढचा चिमटाही चांगला पुढे झुकलेला असायचा, म्हणजे खड्ड्याचा दणका थेट मनगटात येत नसे. ती सायकल जड होती कारण तिच्यावर घर चालत होतं. अ‍ॅटलासचा सोनीपतचा कारखाना 1951 सालचा. 2020 च्या 3 जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनीच, त्यांचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली. बाबांनी मोबाइलवर ती दोनदा वाचली आणि फोन पालथा ठेवला. स्वतःची सायकल भंगारात दिली तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

तर मजबुतीची ती व्याख्या अशी घराघरांत मुरलेली आहे, आणि ती बाबांसारख्यांनी घाम गाळून कमावलेली आहे. मला खुपलं ते वेगळंच. त्या दुकानातल्या जाड टायरच्या सायकलीवर कोणतं दळण येणार होतं? तिला कॅरिअरच नव्हतं. मडगार्ड नव्हते. चार इंची टायर निघाले वाळूवर आणि बर्फावर चालवायला, चाक रुतू नये म्हणून. पुढचा शॉकअप डोंगरातल्या दगडधोंड्यांसाठी. स्वस्तातला शॉकअप एकटाच दोन-अडीच किलोंचा असतो आणि गोखले रोडवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. उलट सिग्नल सुटल्यावर तुम्ही पेडलवर जोर देता तेव्हा तो खाली दबतो, आणि गादीवरून चालल्यासारखं तुमचं थोडं बळ आतल्या आत जिरून जातं. शिवाय बनवणाऱ्याला ठरावीक किमतीतच सायकल बसवायची असते. शॉकअपला, डिस्कला, जाड टायरला पैसे गेले की ते कुठून तरी वाचवावे लागतात, आणि ते वाचतात चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या बेअरिंगमध्ये, रिममध्ये, पेडलच्या आसात. म्हणजे खरी मजबुती जिथे असते तिथेच. मजबुती बघायची तर चाक हाताने फिरवून बघावं, ते आऊट आहे का, म्हणजे फिरताना डुलतं का. चाकाच्या तारा एकसारख्या ताणलेल्या आहेत का. रिम दुहेरी भिंतीची आहे का. वजनकाटा यातलं काही सांगत नाही.

माझी सायकल मी घेतली तेव्हा पहिला निकष ठरवला तो आमच्या जिन्याने. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली लावायची तर स्कूटर आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये जेमतेम एक सायकल शिरते आणि ती जागा पहिल्या मजल्यावरच्या काकांची. त्यामुळे रोज खांद्यावर घेऊन चढणं-उतरणं ओघाने आलंच. एका दुकानात पुढच्या शॉकअपची, लोखंडी फ्रेमची एक सायकल उचलून बघितली, काटा अठरा किलो दाखवत होता. दुसरीकडे अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड, म्हणजे रेसिंगची आणि डोंगरातली यांच्या मधली सायकल, शॉकअप नसलेली, बारा किलोंची. जिन्यात हा सहा किलोंचा फरक पुरेपूर सहा किलोंचा असतो, त्यात सूट नाही. वळणावर हँडल भिंतीला घासतं, पेडल पोटरीला लागतं, आणि त्याच वेळी वरून कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन उतरत असतं. त्या क्षणी सायकल एका हाताने सावरता आली पाहिजे.

रस्त्यावरचं गणित मात्र वेगळं निघालं, आणि ते समजल्यावर मला फार मजा वाटली. मी, माझी बॅग आणि डबा मिळून सत्तर किलो धरा. अठरा किलोंच्या सायकलीसह 88, बारा किलोंच्या सायकलीसह 82. म्हणजे एकूण ओझ्यात फरक जेमतेम सात टक्क्यांचा. सपाट रस्त्यावर एका वेगाने चालत राहिलात तर हा फरक जाणवतही नाही. मग ती बारा किलोंची सायकल दुकानापासून पहिल्या कोपऱ्यापर्यंत नेल्यानेल्या मला हसू का आलं? अंग एकदम सैल का झालं? पुष्कळ दिवस मी याचा विचार करत होते. त्यातलं बरंचसं टायरमध्ये होतं. जाड खाचांचा, कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात रस्त्यावर दबतो, परत फुगतो, आणि त्या दबण्या-फुगण्यात तुमच्या पायाची ताकद उष्णता होऊन जाते. गुळगुळीत, जरा अरुंद, नीट हवा भरलेला टायर ती फारशी खात नाही. शिवाय चाकाच्या कडेला असलेलं वजन सुटताना दुप्पट मोजावं लागतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. उरलेला भाग बसण्याचा. सीटची उंची बरोबर असली, पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहिला, तर मांडीचं बळ थेट पेडलवर उतरतं. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत म्हणून सीट इतकी खाली घेतात की गुडघे हँडलला लागायचेच बाकी राहतात, आणि मग सायकल जड लागते.

आणि सुटताना हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण ठाण्यात सायकल चालवायची म्हणजे बहुतेक वेळ सुटायचंच असतं. हरिनिवासला थांबा, सुटा. पुढे रिक्षा आडवी येते, थांबा, सुटा. तीन हात नाक्याच्या पुलाखाली सगळ्या बाजूंनी वाहनं येतात, मेट्रोच्या कामाने रस्त्याची रुंदी कमी-जास्त होत असते, तिथे एका सिग्नलमध्ये पार होणं म्हणजे नशीब. मग लुईसवाडीच्या सर्व्हिस रोडला उभ्या बस, दार उघडणाऱ्या गाड्या, पाणीपुरीवाले, पुन्हा थांबा, पुन्हा सुटा. अशा रस्त्यावर सगळ्यात जास्त वेग किती, याला अर्थच नसतो. उभ्या जागेवरून पहिले दहा-पंधरा फूट सायकल किती पटकन आणि किती सरळ जाते, ते महत्त्वाचं. कारण त्याच पंधरा फुटांत मागचा बसवाला हॉर्न देतो, त्याच पंधरा फुटांत डावीकडून मोटरसायकल घुसते. सुटताना डगमगणारी सायकल शहरात धोक्याची, मग ती कितीही दणकट असो. माझी सायकल पेडलवर पाय ठेवला की निघते. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी उजवं पेडल वर आणून ठेवायचं, आणि मग एकच दाब. त्या दाबात जे सुख आहे ते लिहून कसं दाखवावं, मला कळत नाही.

टायरबद्दल मी जरा जास्तच बोलेन, कारण हलकेपणाच्या मागे लागून लोक दुसऱ्या टोकालाही जातात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने वाकड्या हँडलची रेसिंगची सायकल घेतली, 25 मिलिमीटरचे टायर. उचलायला इतकी हलकी की मला हेवा वाटला. पण आपल्या काँक्रीटच्या रस्त्यांना दोन पट्ट्यांमध्ये लांबच्या लांब फट असते, आपण जातो त्याच दिशेने. त्यात बारीक चाक गेलं की हँडल ऐकत नाही. गटारावरच्या जाळ्या आहेत, उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, रंबलर आहेत. 32 ते 38 मिलिमीटरचा टायर या सगळ्यावरून शांतपणे जातो आणि तरीही आळशी वाटत नाही. माझा 35 चा आहे. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं आणि एवढ्या रुंदीला साधारण 50 ते 70 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मध्ये कुठेतरी माझं भागतं. पावसाळ्यात थोडी कमी. अंगठ्याने दाबून बघण्यावर मी विसंबत नाही. काटा असलेला छोटा पंप घरात आहे आणि दर आठवड्याला हवा बघणं हे गॅसवर दूध ठेवून होणारं काम आहे.

व्हॉल्व्ह कोणता ते मात्र दुकानातच बघून घ्या. बाबांच्या सायकलीला आत व्हॉल्व्हट्यूब असलेला जुना व्हॉल्व्ह होता, तो कुठलाही पंक्चरवाला डोळे मिटून हाताळतो. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असला तरी पेट्रोल पंपावर काम होतं. बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा एक टिचभर अडॅप्टर जवळ ठेवावा लागतो, नाहीतर किसननगरच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला आणि मी एकमेकांकडे बघत उभे राहतो. तो अडॅप्टर मी किल्ल्यांच्या जुडग्यात ओवून टाकलाय.

गिअरचं आकर्षण मला कळतं. पुढे तीन, मागे सात, मिळून एकवीस म्हटलं की पैसे वसूल झाल्याचं समाधान मिळतं. पण एकवीसमधले कितीतरी एकमेकांवर चढलेले असतात, आणि पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी चकती अशी जोडी लावली की चेन तिरकी ओढली जाऊन कुरकुरते. रोजच्या रस्त्याला पुढे एक आणि मागे सात-आठ चकत्या पुरून उरतात. पुढे 42 दात, मागे 16, आणि माझ्यासारखे 35 चे टायर असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटरच्या थोडी पुढे जाते. मिनिटाला सत्तर फेरे मारले तर ताशी चोवीस किलोमीटरच्या जवळपास वेग येतो आणि ठाण्याच्या गर्दीत त्याहून जास्त जायला वाव कुठाय? ज्यांचं घर-ऑफिस अगदी सपाटीवर आहे त्यांनी बिनगिअरची घेतली तरी चालेल. गिअरच्या तारा नाहीत, कुरकुर नाही, वजनही कमी. मी गिअर ठेवले ते उपवनमुळे. कधी ऑफिस लवकर सुटलं की वर्तकनगरवरून उपवनला जाते आणि अंगात दम असला तर येऊरचा चढ थोडा चढून बघते. तो चढ मागच्या मोठ्या चकतीशिवाय मला जमत नाही. वर झाडीत शिरल्यावर हवा एकदम गार होते, मातीचा आणि कुजक्या पानांचा वास येतो, आणि मागे वळून पाहिलं की सगळ्या इमारती एका नजरेत येतात.

माझी धाकटी बहीण नेरुळला राहते आणि बेलापूरला नोकरीला जाते. तिचा रस्ता माझ्या रस्त्याच्या अगदी उलट. पाम बीच रोड म्हणजे सरळ, सपाट, सिग्नल लांबलांब. तिथे सुटायचं कमी आणि जात राहायचं जास्त. तिथे सायकलचं वजन दोन किलो इकडे-तिकडे झालं तर तिला पत्ताही लागत नाही, पण खाडीवरून वारा सुटला की तो बरोबर कळतो. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो, म्हणून तिने हँडल जरा खालचं, बसणं जरा वाकून असं घेतलंय, आणि टायर 28 मिलिमीटरचे. हिवाळ्यात सकाळी ती खाडीकडेच्या पाणथळीतले फ्लेमिंगो बघत थांबते आणि मला फोटो पाठवते. मी तिला तीन हात नाक्याचा पाठवते. तिची सायकल मी एकदा चालवली आणि अर्ध्या तासात मनगटं दुखायला लागली. माझी तिला फार ताठ वाटली. एकाच आईच्या दोन मुली, मधे फक्त ठाणे-बेलापूर रस्ता, तरी सायकली इतक्या वेगळ्या लागतात. तेव्हा मला कुणी विचारलं की चांगली सायकल कोणती, तर मी आधी रस्ता विचारते.

पावसाळ्याने माझ्या हलक्या सायकलीचं वजन वाढवलं आणि ते मी आनंदाने वाढू दिलं. पहिल्या जूनमध्येच पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवले. त्यांच्याशिवाय ऑफिसात पोचल्यावर कुर्त्याच्या पाठीवर मधोमध चिखलाची उभी रेघ असते. चेनला अर्धं झाकण लावलं, नाहीतर सलवारीचा घेर चेनमध्ये जातो. हे झाकण बऱ्याच हायब्रिडना येत नाही, कारण त्या बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सलवार नसतेच. डिस्क ब्रेक मला पावसासाठी आवडतात. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक ओले झाले की चाकाचे पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात आणि रस्त्यावरची रेती रबरात बसून रिम खरवडते. तरीही मी रबरी ब्रेकच ठेवलेत, कारण ते मला स्वतःला बदलता येतात आणि रबरं कोपऱ्यावर मिळतात. पावसात अंतर जास्त ठेवायचं, वेग आवरायचा. चेन रात्री फडक्याने पुसून तेलाचे थेंब. खाडीजवळच्या दमट हवेत दोन दिवस विसरलं की तांबूस बुरा दिसायला लागतो.

मग बाबा आले. आता त्यांना फार चालवत नाही, पण जिन्यात ठेवलेली सायकल त्यांनी लगेच एका हाताने उचलली आणि थक्क झाले. दोनदा उचलली, तिसऱ्यांदा आईला बोलावून दाखवली. नंतर मागे जाऊन चाकावर वाकले आणि विचारलं, "ह्यावर डबा कुठे ठेवतेस?" मी पाठीवरची सॅक दाखवली. ते म्हणाले, "सामान सायकलने उचलायचं. तू कशाला उचलतेस?" त्यांचं म्हणणं लाखमोलाचं होतं. पाठीवरच्या सॅकने घाम येतो, खांदे भरून येतात, आणि वजन वर गेल्याने सुटताना तोलही जातो. मागच्या चाकाजवळ फ्रेमला आटे पाडलेली भोकं होती. घेताना ती असल्याची खात्री मी केली होतीच. तिथे अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर बसवलं, एका बाजूला झोळीसारखी बॅग. तीत लॅपटॉप, डबा, रेनकोट. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, कुलूप धरून सायकल आता चौदा किलोंच्या आसपास गेली. वाढलेले हे दोन किलो बाबांच्या सायकलीतल्या किलोंसारखेच कामाचे आहेत. त्या दुकानातल्या वडिलांशी बोलायची वेळ आली असती तर मी एवढंच म्हटलं असतं, की काका, वजन असू दे, पण ते काय काम करतं ते विचारा. आणि तुमच्या लेकीने भाव विचारायच्या आधी सायकल उचलून बघितली, ती अगदी बरोबर शिकलेली आहे.

भीती वाटते का, असं मला बायका नेहमी विचारतात. वाटते. घोडबंदर रोडला मी सायकल नेत नाही. कापूरबावडीचे ते ट्रक, मेट्रोच्या खांबांमधली धूळ, रात्रीचा डंपरचा आवाज, तिथे माझं धाडस संपतं. उड्डाणपुलांवर चढत नाही, खालून जाते. हेल्मेट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा, दिवसाही चालू. कधीकधी एखाद्या दिवशी तीन-चार जण उगाच चिटकून जातात आणि त्या दिवशी घरी येताना वाटतं की पुरे, उद्यापासून टीएमटीची बस. या शहरात सायकलवाल्याला रस्त्याची जी कड मिळते ती रिक्षा, पार्किंग आणि गटाराचं झाकण यांच्यात वाटून उरलेली असते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि रागही येतो. ज्या वागळे इस्टेटला हजारो माणसं सायकलवर कामाला यायची, तिथल्या आजच्या काचेच्या इमारतीत सायकल लावायला जागा मागितली तर रखवालदाराला आधी वर फोन करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी पुन्हा निघते.

याचं कारण प्रकृती नाही, पेट्रोलचे वाचणारे पैसेही नाहीत. मला मजा येते म्हणून मी जाते. सकाळी निघून मी कधीकधी मुद्दाम उलट्या दिशेला तलावपाळीला एक चक्कर मारते. पाण्यावरून येणारा गारवा, गडकरी रंगायतनबाहेर नाटकांचे फलक, जांभळी नाक्याकडून येणारा झेंडूचा आणि ओल्या कोथिंबिरीचा वास, पहिल्या घाण्याचे वडे. पेडल थांबवलं की मागच्या चाकातली टिकटिक ऐकू येते. एकेरी रस्ता आडवा आला तर मी खाली उतरते, सायकल हातात धरते आणि पायी माणूस होऊन निघून जाते. कुठल्या गाडीला हे जमतं? घंटी वाजवली की शाळेत निघालेली पोरं वळून बघतात. मजेला आपण उगाच शेवटच्या ओळीत ठेवतो, किंमत, गिअर, डिस्क सगळं झाल्यावर उरली तर. मी ती पहिल्या ओळीत ठेवते, कारण ज्या सायकली मी बाल्कनीत कपडे वाळत घातलेल्या बघितल्यात, त्यांतली मोडलेली एकही नव्हती. त्या चालवाव्याशा वाटत नव्हत्या, एवढंच.

म्हणून घ्यायला जाल तेव्हा रोजची बॅग, रोजच्या वजनासकट बरोबर न्या. रोजचे कपडे आणि रोजची चप्पल घालून जा. उंची पाच फूट दोन-तीन इंच असेल तर पंधरा-सोळा इंची फ्रेम मागा, दुकानात शिल्लक असलेली अठराची गळ्यात पडू देऊ नका. सीट तुमच्या पायाला लावून घ्या, टायरमध्ये हवा भरून घ्या, दोन जिने असतील तर दोन जिने चढून बघा. आणि मग फेरी मागा. दुकानासमोरची दहा पावलांची नको, निदान एक स्पीडब्रेकर, एक वळण आणि एक सिग्नल लागेल इतकी. अनामत म्हणून आधारकार्ड ठेवा म्हणाले तर ठेवा. फेरी मारू देत नाही म्हणाले तर सरळ दुसरं दुकान गाठा.